शब्द टाकणाऱ्याच्या हातात काय द्याल?

ताई, मी बार्शी तालुक्यातला, वय २९. मेकॅनिकल डिप्लोमा करून सहा वर्षं भोसरीत ॲल्युमिनियम डाय कास्टिंगच्या (वितळलेला धातू साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून पार्ट बनवणाऱ्या) एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होतो, थर्ड पार्टीवर, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरमार्फत. चार महिन्यांपूर्वी ग्राहकाने पार्ट बंद केला, आमची लाइन गेली आणि अकरा जणांना घरी बसवलं. तेव्हापासून नोकरीच्या साइटवर दीडशेच्या वर अर्ज केले. ओळखीच्या आणि कमी ओळखीच्या मिळून ६४ जणांना व्हॉट्सॲप आणि लिंक्डइनवर मेसेज टाकला: 'नमस्कार सर, मी सध्या जॉब शोधतोय. काही व्हेकन्सी असेल तर प्लीज कळवा. बायोडाटा जोडला आहे.' उत्तरं आली पाच, त्यातले तीन नुसते अंगठे. माझे जुने साहेब आता चाकणला मोठ्या कंपनीत आहेत. ते म्हणाले, 'पाठव, बघतो.' पाठवला, त्याला पाच आठवडे झाले. पुन्हा विचारायचं तर लाचारी वाटते. दोन ठिकाणी इंटरव्ह्यू झाला, पण 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की गाव, शिक्षण, घरात कोण कोण हे सांगून होतं आणि पुढे गाडी अडते. काम मी मन लावून केलंय. पंप बॉडीचं ब्लोहोलचं (हवा अडकून धातूत पडणाऱ्या पोकळीचं) रिजेक्शन सात-आठ टक्क्यांवरून आम्ही तीनच्या आत आणलं होतं, पण ते काय, टीमचं काम होतं. वडील म्हणतात, ओळखीशिवाय काही होत नाही आणि आपली कुठे ओळख नाही. मला माणसांशी बोलताच येत नाही असं वाटायला लागलंय.
– एक वाचक, मोशी

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही 'पण ते काय' म्हणून टाकून दिलंय, आणि मला वाटतं तुमची निम्मी अडचण तिथेच आहे. सात-आठ टक्क्यांचं रिजेक्शन तीनच्या आत! भोसरी ते चाकण या पट्ट्यात मी २४ वर्षं एचआरमध्ये काढली. क्वालिटीच्या जागेसाठी आलेले किती बायोडाटा चाळले असतील त्याची मोजदाद नाही. पण असा आकडा पहिल्याच पानावर दिसला की तो बायोडाटा मी गठ्ठ्यातून काढून स्वतः क्वालिटी हेडच्या टेबलावर नेऊन ठेवत असे. तुमच्या ६४ मेसेजमध्ये हा आकडा एकदाही गेला नाही. गेली ती फक्त तुमची गरज.

गरज खरी आहे आणि ती लपवा असं मी म्हणत नाही. पण तो मेसेज जरा वाचणाऱ्याच्या जागी बसून वाचा. जेवणाच्या सुट्टीत त्याने फोन उघडलाय. तुमचं नाव दिसतं, वाईट वाटतं, मदत करावीशीही वाटते. आता त्याने करायचं काय? आपल्या कंपनीत जागा आहे की नाही हे त्याला बहुतेक माहीत नसतं. ते कळायला एचआरला विचारावं लागणार. एचआर विचारणार, 'मुलगा काय करतो?' त्याचं उत्तर द्यायला तुमची फाइल उघडून वाचावी लागणार. एवढी सगळी कामं तुमच्या एका ओळीने त्याच्या गळ्यात पडली. तो 'संध्याकाळी बघू' म्हणतो, आणि संध्याकाळपर्यंत तुमचा मेसेज चाळीस मेसेजच्या खाली गेलेला असतो. यात तुमचा अपमान कुणी केलेला नाही. लगेच करता येईल असं काही त्याच्या हातात पडलं नाही, एवढंच झालं.

तुमच्या वडिलांचंच बघा ना. तूर बार्शीच्या बाजारात न्यायच्या आधी ते अडत्याला फोन करत असतील. तेव्हा 'काही भाव असेल तर कळवा' असं ते नक्कीच म्हणत नाहीत. 'बारा पोती तूर आहे, चांगली वाळलीये, उद्या आणली तर काय दराने जाईल, का थोडं थांबू?' असं विचारतात. माल कोणता, किती, कसा ते सांगून झालं, आणि पुढचा प्रश्न असा की अडत्याला उभ्या उभ्या उत्तर देता यावं. यात कुणाला लाचारी दिसत नाही, कारण चांगला माल आला तर अडत्याचंही भलं होतं हे दोघांना ठाऊक असतं. नोकरीसाठी शब्द टाकणाऱ्याचं वेगळं नसतं. बऱ्याच कंपन्यांत ओळखीचा माणूस आणून दिला आणि तो काही महिने टिकला तर आणणाऱ्याला ठरावीक रक्कम मिळते. ती योजना नसली तरी चांगला माणूस कुणी आणला हे क्वालिटी हेडच्या लक्षात राहतं. वाईट कुणी आणला हेही राहतं, म्हणूनच माणूस कचरतो. तुमच्याबद्दल नेमकं काय बोलायचं हे त्याच्याजवळ नसेल तर तो स्वतःचं नाव पणाला कसं लावणार?

उत्तर लिहिण्याआधी मी तुम्हाला फोन केला होता. त्यातलं थोडं इतर वाचकांसाठी इथे सांगते, तुमची हरकत नसेल असं धरून.

मी विचारलं, ब्लोहोल कमी कसं झालं? तुम्ही म्हणालात, 'आम्ही व्हेंट साफ करायला लागलो.' म्हटलं, व्हेंटच का? मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ब्लोहोल कास्टिंगवर दिसत नाही, मशिनिंग झाल्यावर उघडं पडतं. त्यामुळे मशीन शॉप कास्टिंगला बोल लावायचं आणि कास्टिंग मशीन शॉपला. तुम्ही एक वही घातली. रिजेक्ट झालेल्या प्रत्येक नगावरचा तारीख-शिफ्टचा पंच आणि डबा कितव्या तासाचा ते लिहायला लागलात. तीन आठवड्यांनी वहीत दिसलं की वाईट नग शिफ्टच्या शेवटच्या तीन तासांत जास्त पडतायत. डायमधले हवा बाहेर जायचे बारीक मार्ग, म्हणजे व्हेंट, फ्लॅशने (फटीत शिरलेल्या जादा धातूने) आणि स्प्रेच्या थराने बुजत जात होते, हवा आतच अडकत होती. शिफ्टला एकदा होणारी सफाई दर दोन तासांनी करायचं तुम्ही सुपरवायझरला सुचवलंत. त्याने आधी नको म्हटलं, कारण मशीन थांबतं. तुम्ही त्याला वही दाखवलीत.

मी विचारलं, 'वही कुणाची होती?'

तुम्ही थोडं थांबून म्हणालात, 'वही माझी होती.'

हे थांबणं मला ओळखीचं आहे. आपल्याकडे चांगल्या घरातला मुलगा 'मी केलं' म्हणत नाही, 'आम्ही केलं' म्हणतो. 'मी' म्हटलं की फुशारकी वाटते, आणि सोबत राबलेल्यांचं श्रेय आपण ओढतोय असं वाटतं. हा संस्कार मला मनापासून आवडतो, तो सोडू नका. पण इंटरव्ह्यू घेणाऱ्याला 'आम्ही'मधून तुम्ही वेगळे कसे दिसणार? त्याला अकरा जणांना घ्यायचं नाहीये. म्हणून वाक्य असं जोडा: 'हे आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. त्यात माझं काम होतं नगांची नोंद ठेवणं आणि रिजेक्शन कोणत्या तासाला वाढतं ते शोधणं.' यात कुणाचं काही ओढलं जात नाही, तुमचं तेवढं नीट दिसतं.

बायोडाट्याची पहिली ओळ हीच हवी. सध्या तिथे 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' आहे, 'एस्टीम्ड ऑर्गनायझेशन'मध्ये 'चॅलेंजिंग पोझिशन' वगैरे. ही वाक्यं मी हजारो बायोडाट्यांवर वाचलीत आणि त्यातल्या एकाही वाक्यावरून मला उमेदवाराबद्दल काही कळलं नाही. तो भाग सरळ काढा. त्या जागी लिहा: डाय कास्टिंग आणि मशिनिंगमध्ये सहा वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शन, पंप बॉडीचं ब्लोहोल रिजेक्शन सुमारे ७ ते ८ टक्क्यांवरून ३ च्या आत आणण्यात नोंदी आणि कारणशोध माझ्याकडे. त्याखाली तुम्ही हाताळलेली साधनं, म्हणजे बोअर गेज, हाइट गेज, एअर गेज, लीक टेस्ट. सीएमएम (नगाची मापं अचूक घेणारं मशीन) स्वतः चालवलं असेल तर लिहा. नुसते रिपोर्ट वाचले असतील तर 'रिपोर्ट वाचता येतात' असंच लिहा. तिथे वाढवून लिहिलेलं दुसऱ्या प्रश्नालाच उघडं पडतं.

आणखी एक गोष्ट जवळपास सगळे थर्ड पार्टीवाले चुकवतात. बायोडाट्यात तुम्ही कारखान्याचं नाव लिहिलंय, पण पगार आणि पीएफ कॉन्ट्रॅक्टरकडून व्हायचा. नवी कंपनी तुमच्या पीएफच्या बारा आकडी यूएएन नंबरवरून जुन्या नोकरीच्या तारखा पडताळायला गेली तर तिथे कॉन्ट्रॅक्टरचं नाव येईल आणि खरं बोलणारा माणूस खोटा ठरेल. दोन्ही नावं लिहा: अमुक कारखान्यात काम, तमुक कॉन्ट्रॅक्टरमार्फत, या महिन्यापासून त्या महिन्यापर्यंत. आणि फाइलचं नाव 'रेझ्युमे फायनल न्यू २' असं आहे, ते बदला. साहेबांच्या फोनमध्ये असल्या नावाच्या किती फाइली पडल्या असतील विचार करा. तुमचं नाव, 'क्वालिटी', 'डाय कास्टिंग', 'सहा वर्षं', एवढं फाइलच्या नावातच येऊ दे.

आता त्या ६४ जणांबद्दल. 'कमी ओळखीचे' असं तुम्ही जरा ओशाळून लिहिलंय, जणू त्यांना विचारायचा तुम्हाला अधिकार नव्हता. अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकती नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की ही नोकरी ज्याच्याकडून कळली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. १९७३ साली त्याने ते छापलं. ओळखीतून नोकरी लागलेल्यांत नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळलं असं सांगणारे १०० मागे १७ सुद्धा नव्हते. अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळलं म्हणणारे ५५ च्या वर, आणि क्वचितच भेटणाऱ्याकडून कळलं म्हणणारे जवळपास २८. नमुना छोटा होता, पण २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांवर झालेल्या अभ्यासातही नोकरी बदलायला जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखी जास्त कामी आल्याचं दिसलं. कारण अगदी साधं आहे. तुमच्या खोलीवरच्या मित्राला जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतंच. नवी खबर लांबच्या माणसाकडून येते.

तेव्हा 'आपली ओळख नाही' हे वडिलांचं म्हणणं मला पटत नाही. सहा वर्षांत तुमच्या कारखान्यात कोण कोण आलं ते आठवा. ग्राहकाकडून ऑडिटला येणारा माणूस, ज्याला तुम्ही नग काढून दाखवायचात. गेज कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला, नेणारा लॅबचा मुलगा. तो आठवड्यात किती कारखान्यांच्या क्वालिटी विभागात जातो ते जरा मोजा. गेज विकणारा. डाय दुरुस्त करणारा टूलरूमवाला. आणि तुमच्यासोबत घरी बसलेले दहा जण. त्यातले काही आतापर्यंत कुठेतरी लागलेही असतील, म्हणजे त्या दहांतली काही माणसं आता वेगवेगळ्या गेटच्या आत आहेत. त्यांच्याकडे तुम्ही स्पर्धक म्हणून पाहत असाल तर ते थांबवा. एखादी मशीन शॉपची जागा तुमच्या कानावर आली आणि ती तुमच्या कामाची नसली, तर त्यांच्या ग्रुपवर टाका. सध्या तुम्हाला कुणाला काही देता येत नाही असं तुम्हाला वाटतंय. हे देता येतं.

या प्रत्येकाला एकच मेसेज चिकटवू नका. सहाच जणांना लिहा, पण प्रत्येकाला तो जे सांगू शकेल तेच विचारा. ऑडिटवाल्याला: 'सर, तुमच्या डाय कास्टिंगच्या सप्लायरांपैकी सध्या कुणाकडे लीकेज-ब्लोहोलची अडचण चालू आहे? तिथल्या क्वालिटीच्या माणसाशी मला बोलता येईल का?' या प्रश्नात तुम्ही नोकरी मागितलेलीच नाही. तुमचा माल कुठे लागेल तेवढं विचारलंय. त्याला याचं उत्तर एचआरला न विचारता देता येतं.

साहेबांचं मात्र वेगळं आहे. त्यांच्या गप्प बसण्याने तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय हे दिसतंय. आपल्याकडे जवळच्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणायची सवय नाही. जमणार नसलं तरी 'बघतो' म्हणतात, आणि मग तुमचं नाव फोनवर दिसलं की त्यांनाच अवघड होतं. माझा अंदाज असा आहे की साहेबांनी विचारलं असेल, तिथे जागा नसेल, आणि ते तुम्हाला सांगायचा धीर त्यांना होत नसेल. तेव्हा त्यांना 'नाही' म्हणायची वाट मोकळी करून द्या. असं लिहा:

'नमस्कार साहेब. मागे पाठवलेला बायोडाटा नीट करून पुन्हा जोडतोय, पुढे पाठवायला सोपा जाईल. पंप बॉडीचं ब्लोहोलचं काम यात पहिल्यांदाच लिहिलंय, तेव्हा तुम्हीच साहेब होतात, आकडे बरोबर आहेत का तेवढं पाहा. एक विचारायचं होतं. तुमच्याकडे कास्टिंग बाहेरून येतं. त्या सप्लायरांकडे किंवा तुमच्या सप्लायर क्वालिटीला माणूस लागणार असेल तर मी कुणाशी बोलू? सध्या काही नसेल तर तसं सांगा साहेब, वाईट वाटून घेणार नाही, मी दुसरीकडे बघेन.'

मोठ्या कंपनीत थेट जागा मिळवून देणं साहेबांच्या हातात नसेल, पण त्यांना माल पुरवणारे डझनभर छोटे कारखाने त्यांना नावानिशी माहीत असणार. तिथे त्यांच्या एका फोनला जे वजन आहे ते त्यांच्या स्वतःच्या एचआरकडेही नसेल. हा रस्ता बहुतेकांना सुचत नाही. याच मेसेजखाली साहेबांना जसंच्या तसं पुढे ढकलता येईल असं तुमच्याबद्दल चार ओळींचं लिहून ठेवा. तुमच्याबद्दल लिहायला ते बसणार नाहीत, पण लिहिलेलं पुढे पाठवायला त्यांना क्षणही लागणार नाही.

वेळ बघून पाठवा. महिन्याचे शेवटचे पाच दिवस डिस्पॅचची घाई असते, तेव्हा क्वालिटीच्या माणसाला घरच्यांचाही फोन घेता येत नाही हे तुम्हाला मी काय सांगू. भोसरी-पिंपरीत बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशी सकाळी दहा-अकराला माणूस निवांत असतो. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर पुन्हा एकदा लिहा, पण 'काय झालं सर?' नको, काहीतरी नवं सांगा: अमुक ठिकाणी इंटरव्ह्यू झाला, तिथे सीएमएमबद्दल विचारलं, म्हणून त्याचा क्लास लावलाय. त्यानंतरही शांतता असेल तर दोन महिने त्या दारावर जाऊ नका. माणूस वाईट नसतो, त्याचे दिवस वाईट असतात.

मेसेज चॅटजीपीटीकडून लिहून घ्यायलाही माझी हरकत नाही, इंग्रजी तपासायला तो चांगला आहे. पण त्याने दिलेलं जसंच्या तसं पाठवू नका. सारख्याच गुळगुळीत वाक्यांचे मेसेज हल्ली रोज येतात आणि त्यांत माणूस कुठेच सापडत नाही. आधी मराठीत लिहा, मग सोप्या इंग्रजीत तीन वाक्यं करा. मराठी माणसाला मराठीतच लिहा, त्यात काही कमीपणा नाही.

इंटरव्ह्यूत 'स्वतःबद्दल सांगा' म्हणजे घराबद्दल सांगा असं नसतं. 'इथे तू आमच्या काय उपयोगाचा?' हे ते सभ्यपणे विचारत असतात. गाव आणि डिप्लोमा एका वाक्यात आटपा, कारण ते बायोडाट्यात आहेच. मग वही. खरंच, ती वहीची गोष्ट दीड मिनिटात सांगा: अडचण काय होती, कोण कुणाला बोल लावत होतं, तुम्ही काय लिहायला घेतलंत, काय दिसलं, सुपरवायझर नको का म्हणाला, शेवटी किती टक्के झालं. फोनवर ती मला सांगताना तुम्ही एकदाही अडखळला नाहीत. मधले इंग्रजी शब्द आपोआप येत होते, कारण ते तुमच्या कामाचेच शब्द आहेत. बोलता येत नाही म्हणणारा माणूस हा नव्हे. घरी दोन-तीनदा मोठ्याने सांगून बघा, शक्यतो कास्टिंगमधलं काही न कळणाऱ्या माणसाला. त्याला कळलं तर एचआरलाही कळेल.

नोकरी का गेली हे विचारतीलच. 'ग्राहकाने पार्ट बंद केला, लाइन थांबली, आम्ही अकरा जण कमी झालो.' इथेच थांबा. जुन्या कंपनीने कसं वागवलं, नोटीस दिली नाही, हे सगळं खरं असलं तरी त्या खोलीत नको. चार महिन्यांचं विचारलं तर तेही सरळ सांगा. पगाराचं बोलणं निघालं की नुसत्या सीटीसीवर (कंपनीला पडणाऱ्या वर्षाच्या एकूण खर्चाच्या आकड्यावर) मान डोलावू नका. हातात किती, ओव्हरटाइम कसा, कंपनी रोल की पुन्हा थर्ड पार्टी, हे तिथेच विचारा. आणि चाकणमधल्या कुठल्याही 'कन्सल्टन्सी'ने रजिस्ट्रेशनचे किंवा गेटपासचे पैसे मागितले तर देऊ नका. नोकरी देणारी चांगली कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, उशीर करायचा नाही.

आता माझी एक गोष्ट सांगते, सांगायला जड जातं तरी. २००९ च्या मंदीत माझीही नोकरी गेली होती. मुलगा तिसरीत, घराचा हप्ता चालू. मी तुमच्यासारखेच मेसेज पाठवायचे, तेव्हा ते ईमेल असायचे. एका गृहस्थांशी माझी ओळख म्हणजे दोन ऑडिटमध्ये शेजारी बसून चहा प्यायलो एवढीच. त्यांना मी ठरवून लिहिलं होतं की मला कामगार कायदा आणि कॉन्ट्रॅक्टरचे कागद चांगले येतात, असं काम कुणाकडे अडलंय का. त्यांनी एक नाव दिलं, तिथे मला नोकरी लागली, आणि मी त्या धावपळीत त्यांना कळवायची राहून गेले. एक दिवस, मग एक महिना, मग इतके दिवस गेले की आता कुठल्या तोंडाने सांगू असं झालं. पाच वर्षांनी चिंचवडच्या एका कार्यक्रमात ते दिसले. मला वाटलं ओळखणारही नाहीत. ते स्वतः जवळ आले आणि विचारलं, 'तुमचं पुढे झालं का हो काही? मी नंतर विचारलं नाही, म्हटलं उगाच अवघड वाटेल तुम्हाला.' पाच वर्षं त्यांनी ती काळजी बाळगली होती, आणि ज्या खुर्चीवर मी बसत होते ती त्यांच्या शब्दामुळे मिळाली होती. त्या दिवसापासून मी कुणाचीही मदत घेतली की पुढे काय झालं ते आठ दिवसांत कळवते, जमलं तरी आणि नाही जमलं तरी. तुम्हाला ज्या पाच जणांनी उत्तर दिलं त्यांना तुम्ही काय कळवलंत?

हीच सवय नोकरी लागल्यावर जास्त उपयोगी पडेल. नव्या ठिकाणी पहिल्या महिन्यातच कधीतरी तुमच्या हातून वाईट नग पुढे जाईल, किंवा गेलेला तुम्हाला दिसेल. तेव्हा आपण कारण सापडेपर्यंत गप्प बसतो, आणि साहेबाला ते ग्राहकाकडून कळतं. कारण सापडायची वाट बघू नका. लगेच जाऊन सांगा: अमुक पार्टमध्ये अमुक दोष, इतके नग, उरलेला लॉट मी बाजूला काढून लाल टॅग लावलाय, कारण शोधतोय, चार वाजता पुन्हा येऊन सांगतो. आणि चार वाजता जा, काही सापडलं नसलं तरी जा. 'अजून सापडलं नाही' हेही साहेबाला कळायला हवं असतं, कारण त्यांनाही वर कुणालातरी उत्तर द्यायचं असतं.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर त्या तीन अंगठ्यांपासून करा. तुम्ही ते 'नुसते' म्हणून लिहिलेत, पण त्या तिघांनी मेसेज उघडला, वाचला, आणि काय बोलावं न सुचून अंगठा तरी दिला. बाकीच्या ५९ जणांनी तेवढंही केलं नाही. त्या तिघांत एक जण गेज कॅलिब्रेशनचा मुलगा आहे असं तुम्ही फोन ठेवता ठेवता म्हणालात. सोमवारी तो कुठल्या कुठल्या कारखान्यांत जाणार आहे, आणि त्यातल्या कुठे डाय कास्टिंग आहे, एवढंच त्याला आज रात्री विचारा.